फुईच्या नावाचा झोका

माझ्या आईच्या माहेरची अर्धी झाडं आमच्या असोद्याच्या शेतात, बांधावर उभी होती आणि उरलेली अर्धी ती पुढच्या खेपेला घेऊन येणार होती, असं आबांचं म्हणणं होतं. आबा म्हणजे माझे वडील. आई पिंपळनेरकडची, डोंगराच्या पायथ्याची. तिकडून येताना इतर बायका पापड-लोणची आणतात. आई पदराच्या गाठीत बिया बांधून आणायची आणि मांडीवर डालड्याच्या डब्यात एखादं रोप. साक्री, धुळे, जळगाव अशा एसटीच्या गाड्या बदलत ते रोप आमच्या घरी यायचं. एकदा कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट मागितलं, असं आबा सगळ्यांना सांगत. आईच्या मते ती गोष्ट आबांनी ओसरीवर बसून रचलेली होती. रोप आलं की प्रश्न पडायचा, लावायचं कुठे? शेतात केळी. तिथे आबा बोटभर जागा द्यायचे नाहीत. मग उरला आमच्याच दोन तुकड्यांमधला बांध. अलीकडे केळीचा तुकडा, पलीकडे कोरडवाहू कपाशीचा, आणि मधे केळीच्या पश्चिमेला हा रुंद, वाकडातिकडा बांध. त्यावर आजोबांच्या काळचा थोरला कडूनिंब होता, शेवरीची रांग होती, दोन बाभळी आणि एक बोर. त्यांच्या मधल्या फटींत आईने अंजन लावला, आवळा लावला, करंज लावला, सीताफळं लावली. एक मोहही लावला होता, पण तो आमच्या हवेवर रुसून बसला आणि कमरेच्या वर कधी गेलाच नाही.

झाडं आली तशी त्यांची पाहुणेमंडळीही आली. निंबावर होले, शेवरीत भारद्वाज, बाभळीवर सुगरणींची घरटी. खाली मुंगूस, धामण आणि एक म्हातारी घोरपड; ती दुपारी बांधावर ऊन खात पडायची आणि माणूस दिसला तरी लवकर हलायची नाही. सातभाई नावाचे मातकट पक्षी टोळीने यायचे आणि सगळे एकदम बोलायचे, कोणीच कोणाचं ऐकायचं नाही. ते आले की आबा हातातलं खुरपं ठेवून मोठ्याने म्हणायचे, "आले माहे मेहुणे!" आईला खरोखरच सात भाऊ होते आणि ते खरोखरच तसे बोलायचे, त्यामुळे ती यावर काही म्हणू शकत नसे. ती फक्त त्या दिवशी ठेच्यात दोन मिरच्या जास्त टाकायची. आबा कळण्याच्या भाकरीबरोबर तो ठेचा खात, नाक पुसत, पण माघार घेत नसत. आमच्या घरात भांडणं अशी जेवणातून व्हायची. 'आहे'ला 'शे' आणि 'सगळा'ला 'बठ्ठा' म्हणणाऱ्या आईची गल्लीतल्या बायका नक्कल करत. त्याचा बदला तिने भरीत चांगलं करून घेतला. असोद्यात येऊन असोदेकरांपेक्षा चांगलं भरीत करायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल.

मी तेरा-चौदा वर्षांची असताना आमच्याकडे ठिबक आलं. काळ्या नळ्यांची भेंडोळी ओसरीवर येऊन पडली आणि आबांच्या डोक्यात सरळ रेघा शिरल्या. तोवर आबा केळीला पाटाने पाणी देत आणि पाट जाईल तशी केळी जात. आता मात्र ते सुतळी आणि खुंट्या घेऊन सकाळपासून शेतात ओळी आखू लागले. ओळ कुठूनही आखा, शेवटी ती त्या वाकड्या बांधावर जाऊन आपटायची. बांध काढला, पलीकडचा तुकडा जोडला, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळी सरळ जाणार होती. गावात दोघातिघांनी बांध काढलेही होते. त्यांच्या शेतात उभं राहिलं की नजर कुठेच अडत नव्हती, आणि आबांना त्याची भारी भुरळ पडली. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, की आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की झाडं तोडायची, बांध सपाट करायचा आणि मृगात दोन्ही तुकड्यांत एकदम केळीचे कंद लावायचे.

आईने भाकरी तव्यावर तशीच ठेवली. ती करपली. "हाऊ नुसता बांध नही," ती म्हणाली. "हाई हवानी भिंत शे." आमच्याकडे वैशाखात पश्चिमेकडून जो वारा सुटतो तो ज्याने अंगावर घेतलाय त्याला हे समजावं लागत नाही. केळीचं पान त्या वाऱ्यात चिंध्या होऊन लोंबतं, घड उन्हाने काळा पडतो. पण आबांना पुरावा हवा होता. मग दुसऱ्या दिवशी आईने त्यांची दोन धोतरं धुतली, एकाच बादलीतून पिळली, एक उघड्या बाजूला वाळत घातलं आणि एक बांधाच्या आडोशाला. उघड्यावरचं आम्ही न्याहारी करेपर्यंत पापडासारखं कडक झालं. बांधाजवळचं दुपारच्या जेवणापर्यंत दमट होतं. आई ते ओलसर धोतर आबांच्या हातात देऊन म्हणाली, "धोतर वाळनं नही, म्हंजे केळ बी वाळाव नही." आबांनी धोतर दोन्ही हातांत धरून पाहिलं. "आन मी काय ओलं नेसू?" ते म्हणाले. एवढं बोलून ते गेले आणि चर्चा तिथेच संपली.

आता विद्यापीठातली मुलं-मुली आमच्या बांधावर येतात. झाडांच्या बुंध्यांना फीत गुंडाळून माप घेतात, एक यंत्र केळीत ठेवतात आणि एक उघड्यावर, आणि दोन्हीकडची गरमी लिहून घेतात. आईने एवढंच विचारलं, की धोतराने काय वाईट होत होतं. मागे त्यांनी बांधावरच्या झाडांची, पक्ष्यांची, किड्यामुंग्यांची मोठी यादी करून आणली आणि तिला वाचून दाखवली. असे बांध राखले तर झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, ऊन सुसह्य होतं, पिकाला आधार मिळतो, असं त्यांनी तिला आदराने समजावून सांगितलं. आई ऐंशीच्या घरात आहे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, यादीत घूस कशी नाही? ती मुलं गोंधळली. त्यांनी घूस लिहून घेतली.

पण तेव्हा यादी करणारं कोणी नव्हतं आणि आबांनी वीटभट्टीवाल्या जगनशेठला बोलावून झाडं दाखवलीसुद्धा. जगनशेठ बांधावरून एकदा गेले, एकदा आले, निंबाला मिठी मारून अंदाज घेतला आणि म्हणाले, "घ्यायचं तं सारं घ्यायचं. निंबाशिवाय बाकी नुसता काडीकचरा हाये, माह्या ट्रॅक्टरचं तेल बी निघनार नही." म्हणजे निंब तुटला तर सगळं तुटणार आणि निंब राहिला तर जगनशेठ येणारच नाहीत. हे वाक्य आईने आणि मी दोघींनी ऐकलं. आई काही बोलली नाही, पण तिचं बोलणं बंद झालं की घरात काहीतरी शिजतंय हे मला ठाऊक होतं.

आखाजी आमच्या खानदेशातला लेकींचा सण. दिवाळीला एकवेळ लेक नाही आली तर चालेल, आखाजीला आली पाहिजे. भर वैशाखात, अंगाची लाही होत असताना, मुऱ्हाळी म्हणजे न्यायला गेलेला माणूस लेकीला घेऊन येतो, आणि ती माहेरी येऊन काय करते, तर झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसते. बस्स. घरात पितरांसाठी घागर भरलेली असते, तिच्या तोंडावर खरबूज, आमरसाची पातेली, पुरणाच्या पोळ्या, सांजोऱ्या, कुरडया, आणि लेकी दिवसभर झोक्यावर बसून गाणी म्हणत सासरच्यांचा उद्धार करतात. पुरुष त्या दिवशी पत्ते कुटतात, त्यांना कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीच्या लेकींचा झोका कितीतरी पिढ्या त्या थोरल्या निंबावरच बांधला जायचा. त्याचा एक नियम होता. लेकीच्या नावाने बांधलेला दोर लेकीनेच सोडायचा. पुरुषाने त्याला हात लावायचा नाही. दोर असेपर्यंत त्या झाडाला कुऱ्हाड नाही. का, ते मी कधी कोणाला विचारलं नाही. आमच्याकडे नियम विचारून पाळत नाहीत.

त्या वर्षीही झोके झाले, गाणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी लेकींनी आपापले दोर सोडले. आबा पलीकडे सुतळी गुंडाळत उभेच होते. तेवढ्यात आई डोक्यावर नवाकोरा दोर घेऊन आली. तिने मला निंबावर चढवलं, मी दोर फांदीवरून टाकला, तिने खाली गाठ मारली, पाट बसवला आणि शांतपणे म्हणाली, "हाऊ झोका कुसुमताईना."

आबा सुतळी गुंडाळायचे थांबले. कुसुम म्हणजे त्यांची एकुलती एक बहीण, माझी फुई. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. ती सुरतला दिलेली, आणि नऊ वर्षं माहेरी आली नव्हती. कारण ऐकाल तर हसाल. नऊ वर्षांपूर्वी आखाजीच्या आदल्या दिवशी केळीच्या कटाईला अचानक ट्रक आला, आबांना निघता आलं नाही, म्हणून त्यांनी मुऱ्हाळी म्हणून शेतावरच्या गड्याला साडी देऊन पाठवलं. फुईने गड्याला जेवू घातलं, पाणी दिलं आणि साडीसकट परत पाठवून दिलं. 'भावाला बहिणीपेक्षा केळी जास्त असतील तर त्याने केळीलाच साडी नेसवावी,' असा निरोप दिला. आबा म्हणाले, साडी परत करते म्हणजे काय. फुई म्हणाली असेल, गडी पाठवतो म्हणजे काय. नऊ आखाज्या गेल्या. दोघंही एकाच आईची लेकरं होती, तेव्हा वाकायचं कोणी हा प्रश्नच नव्हता.

आता तिच्या नावाचा दोर निंबाला लागला होता, आणि तो तिच्याशिवाय कोणी सोडू शकत नव्हतं. आबांनी आईकडे पाहिलं. "ती यायची नही," ते म्हणाले. आई म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या." आणि टोपली उचलून घराकडे चालू लागली. वाटेत मी तिला विचारलं, फुई खरंच आली तर? "नऊ वरीस व्हई ग्यात," ती म्हणाली. "आते काय येतस त्या." तिचा हिशोब सोपा होता. मृगाचं नक्षत्र लागेपर्यंत दोर राहिला पाहिजे. मृगात कंद लागले की बांध त्या वर्षापुरता सुटला; पुढचं पुढे.

त्या दिवसांत मी आणि आई रोज सकाळी कालनिर्णयासमोर उभ्या राहून मृगाला किती दिवस राहिले ते बघायचो. जगनशेठ दर तीन-चार दिवसांनी सायकलवरून यायचे, बांधापाशी उभं राहून विचारायचे, "बाई कधी येनार, आबा?" आबा म्हणायचे, "येईल." जगनशेठ मान हलवून जायचे. दोर असताना तेही झाडाला हात लावणार नव्हते. त्यांच्याही घरी लेकी होत्या. एकूण आमचं बरं चाललं होतं. मग एका दुपारी पोस्टमन नाना दारात आले आणि त्यांनी माझ्या हातात पोस्टकार्ड दिलं.

घरात आबा झोपले होते, आई गिरणीत गेली होती. मी कार्ड वाचलं. 'भाऊस कुसुमचा नमस्कार. इथे आपल्याकडच्या एका बाईकडून कळलं की निंबावर माझ्या नावाचा दोर अजून आहे. खरं असेल तर न्यायला ये. गडी पाठवू नको, तू ये. आलास तर येईन. नाही आलास तर हे माझं शेवटचं कार्ड समज.' मी ते दोनदा वाचलं. मला त्यातलं शेवटचं वाक्य दिसलं नाही असं मी आज म्हणणार नाही, मला ते चांगलं दिसलं. पण मला निंब दिसत होता, सुगरणींची घरटी दिसत होती, बांधावर पसरलेली ती म्हातारी घोरपड दिसत होती. फुई येणार, झोका घेणार, दोर सोडणार, आणि दुसऱ्या दिवशी जगनशेठ ट्रॅक्टर घेऊन येणार. मी कार्ड कुरडयांच्या डब्यात, अगदी तळाशी सरकवलं.

त्यानंतर मी घरात फार गुणी मुलगी झाले. आईने कुरडयांचं नाव काढलं की मी धावायचे, "तू बस, मी आणते." आई शेजारणीला कौतुकाने सांगायची की रंजूला आता कळायला लागलं. अकरा दिवस मी असे काढले. मी पुढे तीस वर्षं धुळ्यात मास्तरीण होते आणि मुलांचं खोटं मला लांबून ओळखू यायचं. गुणी झालेलं मूल दिसलं की मी आधी त्याचं दप्तर बघायचे.

अकराव्या दिवशी चार वाजता मी शेतात आबांना चहा घेऊन गेले. विहिरीवर नव्हते, मोटरीपाशी नव्हते. मग बांधाकडून करकर ऐकू आली. आबा झोक्यावर बसले होते. चांगले धिप्पाड गृहस्थ, डोक्यावर टोपी, हात दोरांना न लावता मांडीवर, पाय जमिनीला टेकलेले, आणि इंचभर मागे-पुढे होत होते. मला पाहून गडबडीने उठले. "दोर पाहू राह्यलो व्हतो," ते म्हणाले. उन्हाने दोर विरतो, म्हणून त्यांनी जुना न सोडता वर दोनदा नवा दोर बांधून घेतला होता, गल्लीतल्या एका लेकीला सांगून. स्वतः हात लावायचा नाही हा नियम त्यांनी पाळला होता. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग चहाचा घोट घेऊन त्यांनी फांदीकडे बघतच मला विचारलं, "रंजू, पुरंल का व हा दोर? कुसुम आता जाड झाली असंल."

मी तिथेच भोकाड पसरलं आणि सगळं सांगितलं. कार्ड, कुरडयांचा डबा, शेवटचं वाक्य, सगळं. आबा तसेच घराकडे चालत आले, डबा स्वतः उघडला, कुरडया परातीत ओतल्या, कार्ड झटकलं आणि उभ्या उभ्या वाचलं. आई गिरणीतून आलेली, पिठाने पांढरी झालेली, दारात उभी होती. तिला कळलं तशी तिने माझा कान धरला. "झाडेसकरता कार्ड दपाडं तू?" ती म्हणाली. "झाड पुन्हा उगस, बाई. नणंद उगत नही." माझा कान सोडून मग ती आबांकडे वळली. दोर तिनेच बांधला होता आणि फुई येणार नाही या भरवशावर बांधला होता. "पाप मन्हं बी शे," ती आबांना म्हणाली. आबांनी कार्ड खिशात ठेवलं. "दशम्या कर," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं जातो. आन रंजूले घेऊन जातो. कार्ड तिनं दपाडलं, तं मुऱ्हाळी बी तिच."

जळगावहून सुरतेची पॅसेंजर प्रत्येक खांबापाशी थांबत जायची. मी खिडकीत, मांडीवर दशम्यांची आणि सांजोऱ्यांची पिशवी, आबा समोर. धरणगाव गेलं, अंमळनेर आलं, आबा एक शब्द बोलेनात. मला वाटलं ते आयुष्यभर बोलणार नाहीत. अंमळनेरला त्यांनी खाली उतरून भजी आणली, कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "खाय. तू अकरा दिवस दपाडलं. मी नऊ वर्सं दपाडत व्हतो." मग नंदुरबारपर्यंत आम्ही भजी खाल्ली. इतकी चांगली भजी मी पुन्हा खाल्ली नाही, आणि ती काही विशेष नव्हती.

फुईचं घर एका चाळीत वरच्या मजल्यावर होतं. दार तिनेच उघडलं. आबांचा अंदाज बरोबर होता, ती चांगलीच जाड झाली होती. आबांना पाहून ती चौकट धरून उभी राहिली. "भाऊ, तू सोता आला?" ती म्हणाली. "मले वाटलं, तू कार्ड चुलीत घातलं." आबांच्या आधी मीच पुढे होऊन एका दमात सांगून टाकलं की कार्ड मी लपवलं, आबांना कालच कळलं, आणि मला काय मारायचं ते मार. फुईने मला खरोखरच एक धपाटा घातला, जोरात. मग मला पोटाशी धरलं आणि दोघी रडलो, आणि आबा चाळीच्या गॅलरीत जाऊन खाली रस्त्यावरच्या रिक्षा मोजत उभे राहिले. अकरा दिवस ती बाई पोस्टमनची वाट बघत होती, आणि अकराव्या दिवशी तिने आशा सोडली होती. हे तिने मला पुढे कधी सांगितलं नाही, तिच्या मुलीने सांगितलं. मला त्याची आजही लाज वाटते आणि ती लिहून कमी होत नाही.

परतीच्या गाडीत फुईने मला शेजारी बसवून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, का लपवलं? मी निंब सांगितला, शेवरी सांगितली, ठिबकच्या नळ्या, ओलं धोतर, जगनशेठ, आणि तिने दोर सोडला की दुसऱ्या दिवशी काय होणार तेही सांगितलं. ती ऐकत होती, मधेच दशमी खात होती. समोर आबा झोपले होते, किंवा झोपल्यासारखे दिसत होते. फुई एवढंच म्हणाली, "बरं."

घरी पाय धुवायलाही ती थांबली नाही. आईने ओवाळलं, साडी दिली. ती तिने तिथेच आत जाऊन नेसली आणि तडक शेतात गेली. पाठोपाठ आम्ही, आणि आमच्या पाठोपाठ निम्मी गल्ली. जगनशेठना बातमी पोचली होती. ते माणसं, कुऱ्हाडी आणि ट्रॅक्टर घेऊन बांधाच्या तोंडाशी येऊन थांबले होते. बाईचा झोका होऊ द्या, आपल्याला घाई नाही, असं म्हणून त्यांनी सावलीत विडी पेटवली. मी त्या कुऱ्हाडींकडे बघत होते आणि आई निंबाच्या बुंध्याला हात लावून उभी होती. सातभाई वर कलकलत होते. आबांनी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या दिवशी ते काही म्हणाले नाहीत.

फुई बसली. फांदी कुरकुरली, पण दोर पुरला. तिने पायाने रेटा दिला आणि झोका वर गेला; पन्नाशीला आलेली जाडजूड बाई, नवी साडी फुललेली, आणि ती गाऊ लागली. आवाज फुटलेला होता, शब्द अर्धे विसरलेली होती, पण बायकांनी ते उचलून धरले. उन्हं उतरली. जगनशेठच्या विड्या संपल्या. माणसं जांभया द्यायला लागली. फुईचा झोका काही थांबेना. दमली की हळू व्हायची, पुन्हा रेटा द्यायची. शेवटी जगनशेठ आबांपाशी आले. "आबा," ते म्हणाले, "बाईले दोर सोडाले सांगा आता. आमाले अंधार व्हईल."

फुईने वरूनच ऐकलं. "सोडत नही मी," ती म्हणाली. "पुढच्या आखाजीले येईन, तवा पाहू."

सगळे आबांकडे बघू लागले. हा नियमाचा डाव होता आणि त्यांना तो कळला होता. फुईला दरडावून उतरवणं त्यांच्या हातात होतं. ते थोरले भाऊ होते आणि शेत त्यांचं होतं. मृगाला दोन दिवस राहिले होते. घरी ओसरीवर नळ्यांची भेंडोळी पडून होती. आबांनी टोपी काढून घाम पुसला आणि झोका येत-जात होता तिकडे पाहिलं.

"जगनशेठ," ते म्हणाले, "नऊ वर्सांनी बसवलंय मी तिले. उतर म्हनाले तूच जाय."

जगनशेठनी झोक्याकडे एकदा बघितलं आणि माणसांना कुऱ्हाडी परत ट्रॅक्टरवर टाकायला सांगितलं. मग त्यांनी ट्रॅक्टरला हँडल मारलं.